ग्रोथ की डिव्हिडंड? कॅनडातल्या ईटीएफ निवडीची पार्श्वभूमी

कॅनडात ईटीएफ (अनेक शेअर एकत्र असलेला, शेअरसारखाच बाजारात विकला-घेतला जाणारा फंड) घेणाऱ्यांच्या बोलण्यात ‘ग्रोथ की डिव्हिडंड’, म्हणजे भाव वाढण्यावर भर द्यायचा की लाभांशावर, हा प्रश्न बहुतेक वेळा वयाचा म्हणून येतो. तिशीतल्याने ग्रोथ घ्यावा, साठीला टेकलेल्याने डिव्हिडंड, मधल्यांनी थोडं थोडं दोन्ही. पण या दोन रांगा माणसांच्या वयामुळे पडलेल्या नाहीत. त्या ओटावातल्या अर्थखात्याने पाडल्या आहेत, कधी ठरवून, तर कधी भलतंच काहीतरी सावरता सावरता. देशी कंपनीच्या लाभांशाला करसवलत 1949 पासून आहे. निवृत्तीच्या खात्यात परदेशी शेअर किती ठेवता येतील यावर 1971 पासून मर्यादा होती: सुरुवातीला 10 टक्के, 1990 पासून चढत चढत 20, मग 25 आणि 2001 मध्ये 30. ती 2005 च्या अर्थसंकल्पात उठली. म्हणजे तीसेक वर्षं घरचा लाभांश सवलतीत आणि बाहेरची वाढ रेशनवर, असा कारभार होता.

ईटीएफचा जन्म टोरांटोचा आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते ऐकून घेतात, पण त्यांना पटत नाही. तिथल्या शेअर बाजाराने 35 कंपन्यांच्या निर्देशांकावरचं युनिट मार्च 1990 मध्ये व्यवहारात आणलं. त्याला ‘टिप्स’ म्हणत. अमेरिकेतला एसअँडपी 500 वरचा पहिला ईटीएफ त्यानंतर जवळपास तीन वर्षांनी, जानेवारी 1993 मध्ये आला. टिप्स 2000 मध्ये 60 कंपन्यांच्या निर्देशांकावरच्या फंडात विलीन झालं, आणि तो फंड आजही चालू आहे. ग्रोथ, डिव्हिडंड असा भेद त्या काळी ईटीएफमध्ये नव्हताच. निर्देशांकात जे असेल ते पदरात.

2000 च्या उन्हाळ्यात पदरात जे पडलं ते मात्र विचित्र होतं. दूरसंचार उपकरणं बनवणारी एकच कंपनी फुगून टोरांटोच्या मुख्य निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा झाली होती. निर्देशांक घेतला म्हणजे जोखीम वाटली गेली, असं समजून निर्धास्त बसलेल्या माणसाचे शंभरातले पस्तीसेक डॉलर एकाच टोपलीत होते. पुढच्या दोन वर्षांत ती टोपली उपडी झाली. जानेवारी 2009 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एका कंपनीला 10 टक्क्यांपेक्षा जास्त जागा न देणारे निर्देशांक या धक्क्यानंतरच रुळले. ‘ग्रोथ’ हा शब्द मात्र कॅनडात भाजून निघाला. उरल्या बँका, तेल-वायूच्या पाइपलाइनी, वीज आणि टेलिफोन. यातल्या जवळपास सगळ्या लाभांश देणाऱ्या.

आणि याच सुमारास इन्कम ट्रस्टची लाट आली. आजच्या डिव्हिडंड ईटीएफची आवड समजून घ्यायची तर 2005 आणि 2006 ही दोन वर्षं जरा सावकाश पाहावी लागतात.

ट्रस्टची युक्ती साधी होती. कंपनी नफ्यावर कर भरते आणि उरलेल्यातून लाभांश देते. ट्रस्ट नफा कर न भरताच युनिटधारकांच्या हाती ठेवतो. कर त्यांनी भरायचा. युनिट पेन्शन फंडाकडे किंवा आरआरएसपीत (निवृत्तीच्या बचत खात्यात) असेल तर तो कर अनेक वर्षं पुढे ढकलला जातो. परदेशी माणसाकडे असेल तर सरकारला थोडंच मिळतं. नोकरदार, निवृत्त माणसाला यातलं एवढंच दिसायचं की दर महिन्याला खात्यात पैसे येतात. आधी तेलाच्या आणि मालमत्तेच्या ट्रस्टपुरती असलेली ही पद्धत गोठवलेले पदार्थ विकणाऱ्यांपासून फोनच्या डिरेक्टरी छापणाऱ्यांपर्यंत पोचली. दोनशेहून अधिक ट्रस्ट बाजारात झाले.

तेव्हाच्या अल्पमतातल्या सरकारने आधी सप्टेंबर 2005 मध्ये ट्रस्टबाबतचे आगाऊ करनिर्णय देणं थांबवलं, आणि 23 नोव्हेंबरला बाजार बंद झाल्यावर तोडगा जाहीर केला: ट्रस्टवर कर नाही, उलट मोठ्या कंपन्यांच्या लाभांशावरची सवलतच वाढवायची. दोन्ही वाटा सारख्या झाल्या की कंपन्या ट्रस्ट व्हायला धावणार नाहीत, असा हिशेब होता. आज ज्याला ‘एलिजिबल डिव्हिडंड’ (वाढीव सवलतीला पात्र लाभांश) म्हणतात तो प्रकार इथून आला. घोषणेच्या आधीच्या तासांत बाजारात संशयास्पद खरेदी झाली, निवडणुकीच्या धामधुमीत पोलिसांनी चौकशी जाहीर केली, आणि जानेवारी 2006 मध्ये सत्ताधारी पक्ष निवडणूक हरला. चौकशीत पुढे अर्थखात्यातल्या एका अधिकाऱ्यावर स्वतःच्या खरेदीबद्दल आरोप ठेवला गेला, तो त्या पक्षाची सत्ता गेल्यावर वर्षभराने.

नव्या पक्षाने प्रचारात ट्रस्टवर कर लावणार नाही असं वचन दिलं होतं. सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2006 मध्ये देशातल्या दोन मोठ्या टेलिफोन कंपन्यांनी आपण ट्रस्ट होणार असं जाहीर केलं, आणि ते वचन परवडेनासं झालं. 31 ऑक्टोबरला, पोरं हॅलोविनची गोळ्या-चॉकलेटं गोळा करत दारोदार फिरत होती त्या संध्याकाळी, अर्थमंत्र्यांनी ट्रस्टवर कर जाहीर केला. नव्या ट्रस्टना लगेच, जुन्यांना 2011 पासून. मालमत्तेचे ट्रस्ट तेवढे वगळले. त्याच पुडक्यात ज्येष्ठ जोडप्यांना पेन्शनचं उत्पन्न करासाठी आपसांत वाटून घेण्याची मुभाही दिली होती. चपराक आणि पेढा एकाच हाताने. दुसऱ्या दिवशी ट्रस्टचा निर्देशांक सुमारे 12 टक्के कोसळला.

त्या निर्णयावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, तिजोरीला भोक पडत होतं, ते बुजवणं भाग होतं. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्यांनी सरकारच्या शब्दावर पैसे लावले आणि सरकारने शब्द फिरवला. मला पहिल्याचं गणित बरोबर वाटतं आणि दुसऱ्याचा राग. पण ईटीएफच्या इतिहासात महत्त्वाचं ठरलं ते वेगळंच. 2011 उजाडेपर्यंत बहुतेक ट्रस्ट कंपन्या झाले, त्यांचं वाटप ‘एलिजिबल डिव्हिडंड’ बनलं, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे येण्याची लागलेली सवय मात्र तशीच राहिली. ती भागवायला फंड कंपन्या तयारच होत्या. कॅनडातला पहिला मोठा डिव्हिडंड ईटीएफ डिसेंबर 2005 चा, सलग काही वर्षं लाभांश वाढवणाऱ्या कंपन्यांचा सप्टेंबर 2006 चा. ट्रस्टच्या निर्देशांकावर काढलेला एक ईटीएफ तर नाव आणि पोट दोन्ही बदलून मासिक उत्पन्नाचा फंड म्हणून पुढे चालला. कॅनडातल्या कंपन्या सहसा दर तिमाहीला लाभांश देतात, पण त्यांचेच शेअर पोटात घेतलेले बरेचसे डिव्हिडंड ईटीएफ दर महिन्याला देतात. ही त्या ट्रस्टचीच खूण आहे, असं मी मानतो.

सवलत नेमकी किती, हे एका उदाहरणात. ऑन्टारियोत साठ ते नव्वद हजार डॉलर करपात्र उत्पन्न असलेल्या माणसाला सर्वात वरच्या डॉलरवर 29.65 टक्के कर बसतो. त्याला साध्या (करसवलत नसलेल्या) खात्यात 1,000 डॉलर देशी लाभांश मिळाला, तर करासाठी तो 38 टक्के फुगवून 1,380 धरतात. त्यावर कर होतो 409 डॉलर. मग केंद्राची 207 आणि प्रांताची 138 डॉलरची वजावट मिळते. हातात राहतो सुमारे 64 डॉलर कर, म्हणजे 6.4 टक्के. तेवढाच भांडवली नफा झाला असता तर 148. व्याज किंवा अमेरिकी कंपनीचा लाभांश असता तर 296. (फुगवण्याचा आकडा 2006 मध्ये 45 टक्के होता, कंपन्यांचा कर घटत गेला तसा तो 2012 पर्यंत 38 वर आला.) यात एक काटा आहे. वृद्धापकाळाची सरकारी पेन्शन कापायची की नाही हे ठरवताना 1,000 नाही, फुगवलेले 1,380 मोजतात. ज्यांच्यासाठी डिव्हिडंड फंड खास सुचवले जातात त्यांच्यातल्याच बऱ्या उत्पन्नाच्या लोकांना तो टोचतो.

ही सगळी आकडेमोड फक्त साध्या खात्यात खरी आहे. आरआरएसपीत लाभांश असो की भांडवली नफा, काढताना सगळं पगारासारखंच करपात्र. 2009 मध्ये टीएफएसए, म्हणजे करमुक्त बचत खातं, आलं. पहिल्या वर्षी 5,000 डॉलरची मर्यादा, 2024 पासून 7,000. त्यात कर शून्यच, मग सवलत कशावर घेणार? आज बहुतेक नवख्यांची सुरुवात टीएफएसएपासून होते आणि तिथे ते ‘करात फायदा आहे’ म्हणून देशी डिव्हिडंड ईटीएफ भरतात. कारण गेलं, सवय राहिली. अमेरिकी लाभांशाचं तर उलटंच आहे. अमेरिका 15 टक्के उगमावरच कापते. अमेरिकेत नोंदलेला ईटीएफ थेट आरआरएसपीत असेल तर करारामुळे ही कपात माफ होते. टीएफएसएत होत नाही, आणि गेलेले पैसे परतही मिळत नाहीत.

2011 च्या सुमारास तिसरी पाती उगवली: हातातल्या बँक शेअरांवर कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क) विकून जास्त वाटप देणारे ईटीएफ. वाटपाचा दर पाहिला की डोळे दिपतात. शेअर चढला तर वरची मलई ऑप्शन घेणारा खातो, हे बारीक अक्षरात असतं. अशा फंडांच्या वाटपात लाभांश, भांडवली नफा आणि कधी कधी आपलेच परत केलेले पैसे एकत्र असतात. वर्षभराच्या वाटपाचा करासाठी हिशेब देणाऱ्या टी3 स्लिपवर 42 क्रमांकाची चौकट पाहिली की हे कळतं. तिथला आकडा म्हणजे कमाई नव्हे. तेवढी आपली खरेदी किंमत खाली आणायची असते. ‘दरमहा डिव्हिडंड’ म्हणून घरात कौतुक चाललेलं असतं तेव्हा ही चौकट कुणी उघडून पाहत नाही.

बँकांनी त्यांच्या चाहत्यांना फारसं नाराज केलेलं नाही, हेही खरं. 2008 च्या संकटात मोठ्या बँकांपैकी एकीनेही लाभांश कापला नाही. मार्च 2020 ते नोव्हेंबर 2021 या काळात नियामकाने लाभांश वाढवायला बंदी केली, तरी आहे तो चालू राहिला. टेलिफोनचं तसं नाही. ट्रस्ट व्हायला निघालेल्या त्या दोनपैकी एका कंपनीने मे 2025 मध्ये वार्षिक लाभांश 3.99 डॉलरवरून 1.75 वर आणला. वाटपाच्या दरावर कंपन्या निवडणाऱ्या फंडांची पंचाईत इथेच होते: भाव घसरला की दर आपोआप मोठा दिसतो.

आता ‘ग्रोथ’कडे. भारतातून नव्याने गेलेल्या मराठी माणसाची या शब्दाने हमखास फसगत होते. भारतात म्युच्युअल फंडात ग्रोथ आणि डिव्हिडंड हे एकाच योजनेचे दोन पर्याय. शेअर तेच, फक्त पैसे आत ठेवायचे की बाहेर काढायचे एवढाच फरक. दुसऱ्या पर्यायात आपलेच पैसे परत मिळत असतात हे लोकांच्या लक्षात यावं म्हणून 1 एप्रिल 2021 पासून त्याचं नावही बदललं गेलं. कॅनडात असे पर्याय नसतात. तिथे ग्रोथचा एक अर्थ नफा वेगाने वाढेल या आशेवर महाग विकले जाणारे शेअर, जे टोरांटोत मोजके आणि अमेरिकेत पुष्कळ. दुसरा अर्थ 2018 च्या सुरुवातीला एका अमेरिकी फंड घराण्याच्या कॅनडातल्या शाखेने रूढ केला: 80 टक्के शेअर आणि 20 टक्के रोखे असलेला तयार डबा, शुल्क तेव्हा 0.22 टक्के. डब्यावर ‘ग्रोथ’ लिहिलंय म्हणजे तिखटपणाची पातळी सांगितली आहे, भाजी कसली ते नाही. आत जगभरच्या हजारो कंपन्या, त्यात बँकाही आणि पाइपलाइनीही, आणि शेअरांच्या भागात सुमारे 30 टक्के कॅनडा. प्रतिस्पर्ध्यांनी तेच शब्द उचलले आणि गोंधळ पक्का झाला. भारतातल्या ‘ग्रोथ ऑप्शन’च्या सगळ्यात जवळचे म्हणजे 2010 मध्ये आलेले, स्वॅप करारावर (शेअर न घेता बँकेकडून निर्देशांकाइतका परतावा घेण्याच्या करारावर) चालणारे आणि काहीच वाटप न करणारे ईटीएफ. सरकारची वक्रदृष्टी पडल्यावर 2019 मध्ये त्यांना रचना बदलावी लागली.

ब्रॅम्प्टनला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने असा 80-20 चा ‘ग्रोथ’ साध्या खात्यात घेतला. पहिल्याच तिमाहीला खात्यात वाटप आलं. त्याने मला फोन करून विचारलं, ‘अरे, मी ग्रोथ घेतला होता ना, मग हे पैसे कसले? हे बंद कुठून करायचं?’ बंद करायची सोय नव्हती. आलेले पैसे परत त्याच फंडात घालण्याची होती, ती त्याने चालू केली आणि निवांत झाला. मार्चअखेर टी3 आलीच. परत गुंतवलेलं वाटपही मिळालेलंच धरतात.