वंशावळ आणि गावाचा इतिहास शोधताना: ग्रंथालयाचे सभासदत्व, नकलेचा अर्ज आणि पुराभिलेखागारातील प्रवेश

आपल्या घराण्याचा मागोवा घेऊ पाहणारे अनेक जण थेट तहसील कार्यालयात जातात, आणि अर्जात गावाचा त्या काळातील तालुका, सर्व्हे क्रमांक किंवा नोंदीचे अंदाजे वर्ष दिलेले नसल्यामुळे ‘अभिलेख आढळून आला नाही’ असा शेरा घेऊन परततात. पुष्कळदा नोंद अस्तित्वात असते, परंतु ती कोणत्या दप्तरात शोधावी हे अर्जावरून अभिलेखपालाला समजत नाही. म्हणून अर्जाची खरी तयारी सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात करावी असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाचे सभासद होण्यासाठी सामान्यतः छापील अर्ज, छायाचित्र, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, वर्गणी आणि परत मिळणारी अनामत रक्कम लागते. संदर्भग्रंथ घरी दिले जात नाहीत, ते तेथेच बसून वाचावे लागतात. तेव्हा केवळ संदर्भासाठी येत असल्यास ग्रंथपालांना विषय सांगून बसण्याची परवानगी मागावी. जिल्ह्याचे गॅझेटियर (शासनाने प्रसिद्ध केलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ), जिल्हा जनगणना पुस्तिका, जुन्या वृत्तपत्रांच्या फायली, शाळांच्या व संस्थांच्या स्मरणिका आणि घराण्यांचे कुलवृत्तांत ही सामग्री प्रथम पाहावी. कुलवृत्तांतातील जुन्या पिढ्या बहुधा ऐकीव माहितीवरून लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्यातील नावे पुरावा म्हणून न घेता पुढील शोधाचा धागा म्हणून घ्यावीत.

या वाचनातून सर्वांत महत्त्वाची गोष्ट निश्चित करायची असते, ती म्हणजे आपले गाव त्या वेळी कोणत्या राज्यकारभाराखाली होते. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीत, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होता. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग असल्याने तेथील जुने महसुली कागद उर्दूत सापडतात, तर विदर्भातील कागद मध्यप्रांत व वऱ्हाडच्या पद्धतीचे असतात. कालगणनेचाही घोळ होतो: शकवर्षात साधारणपणे ७८, फसली सनात (जुन्या महसुली कागदांतील वर्षगणना) ५९० आणि शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतील वर्षगणना) ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, आणि वर्ष कोणत्या महिन्यात बदलते त्यानुसार एका वर्षाचा फरक पडू शकतो.

यानंतर महसुली नकलांकडे वळावे. वंशावळीचा सर्वाधिक विश्वासार्ह धागा गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत (जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदवहीत) मिळतो, कारण खातेदार मयत झाल्यावर होणाऱ्या वारस नोंदीत मयताचे नाव, वारसांची नावे आणि त्यांचे नाते लिहिलेले असते. सातबाऱ्यावर दिलेले जुन्यात जुने फेरफार क्रमांक टिपून घ्यावेत, त्यांच्या नकला मागवाव्यात आणि त्या फेरफारात आधीच्या खातेदाराचे जे नाव येईल त्यावरून मागचा फेरफार शोधावा. अशा रीतीने एक एक पिढी मागे जाता येते. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट क्रमांक, हवा असलेला नमुना आणि वर्षांचा टप्पा लिहावा, कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. स्कॅन झालेले अभिलेख महाभूमी संकेतस्थळावरही पाहता येतात, मात्र त्यात प्रत्येक तालुक्याचे सर्व दप्तर नाही. घराण्यातील स्त्रियांची नावे शोधणाऱ्यांनी वारस नोंदी विशेष काळजीने वाचाव्यात, कारण कुलवृत्तांताने वगळलेली विधवा आणि विवाहित मुलगी येथे नावानिशी भेटते.

जमीन नसलेल्या कुटुंबांसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातील जन्म-मृत्यूंची नोंदवही), आणि शाळेचे जनरल रजिस्टर हे आधार आहेत. कोतवाल बुकात जन्मलेल्या मुलाचे नाव पुष्कळदा नसते, केवळ पित्याचे नाव आणि अपत्य मुलगा की मुलगी एवढेच असते. त्यामुळे नकलेचा अर्ज पित्याच्या नावाने करावा. शाळेकडे मात्र दाखल्याऐवजी प्रवेश-निर्गम उतारा (जनरल रजिस्टरमधील नोंदीची नक्कल) मागावा, कारण त्यात पालकाचे नाव, मूळ गाव आणि आधीची शाळा यांचा उल्लेख मिळू शकतो.

त्याहून मागे जायचे असल्यास पुराभिलेखागारात जावे लागते. राज्य शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाची अभिलेखागारे मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे असून पुण्यात पेशवे दप्तर आहे. प्रवेशासाठी विषय आणि हेतू नमूद केलेला विनंती अर्ज, ओळखपत्र आणि संशोधक असल्यास आपल्या संस्थेचे शिफारसपत्र सोबत ठेवावे. कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आणि बव्हंशी मोडी लिपीत असतात. लिपी येत नसल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. येथे ‘पाटील’ किंवा ‘कुलकर्णी’ हा शब्द आडनाव म्हणून नव्हे तर हुद्दा म्हणून येतो, तेव्हा केवळ त्या शब्दावरून दोन घराणी एक मानण्याची घाई करू नये.

वंशावळ जातीच्या दाखल्यासाठी हवी असेल तर ती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते आणि पुराव्याच्या तारखेला महत्त्व येते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा जात व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. अशा प्रकरणात साधी छायाप्रत न घेता प्रत्येक वेळी प्रमाणित नक्कलच घ्यावी.

कार्यालयाने अभिलेख उपलब्ध नाही असे तोंडी सांगितल्यास तेच लेखी मागावे. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकारात जन माहिती अधिकाऱ्याकडे एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आतील अर्ज करता येतो आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. जिल्हा विभागणीच्या वेळी दप्तर जुन्या जिल्ह्यातच राहिले असल्यास त्या कार्यालयाकडे नव्याने अर्ज करताना हे लेखी उत्तर सोबत जोडावे.