खुली संशोधन-विदा व मुक्त आज्ञावली : मुंबई

संशोधनात गोळा झालेल्या नोंदी (विदा, म्हणजे डेटा) आणि त्यांवर गणित करणाऱ्या आज्ञावल्या (सॉफ्टवेअर) कोणालाही तपासता, वापरता व सुधारता याव्यात म्हणून खुल्या ठेवण्याची पद्धती. ही संकल्पना अलीकडची मानली जाते. भारत सरकारचे विदाविषयक धोरण 2012 चे, तर युनेस्कोची मुक्त विज्ञानाची शिफारस 2021 ची आहे. मुंबईपुरते पाहता मात्र तिची मुळे कुलाबा वेधशाळेच्या नोंदवह्यांत शोधणे योग्य ठरेल.

वेधशाळेची स्थापना सामान्यतः 1826 ची धरतात. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचे वेध 1841 च्या सुमारास आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. गणितज्ञ केरूनाना छत्रे यांची शिकाऊ उमेदवारी येथेच झाली. नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी सिद्ध केलेले आणि 1910 मध्ये छापले गेलेले खंड 1846 पासूनच्या नोंदी देतात. सलग श्रेणीचा आरंभ म्हणून तेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडणार, हे ओळखून 1904 मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली. 1906 पर्यंत दोन्हीकडे समांतर वेध घेतल्यामुळे जुनी व नवी श्रेणी एकमेकींना जोडता आली.

या नोंदींचे मोल 1859 च्या सौर वादळाने, म्हणजे सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात झालेल्या खळबळीने, स्पष्ट होते. त्या काळी कुलाब्याला उपकरणाचे वाचन डोळ्यांनी होई : एरवी तासाला एकदा, खळबळ दिसताच पंधरा किंवा पाच मिनिटांनी. लंडनजवळच्या क्यू येथे छायाचित्रण कागदावरची रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र अंक उतरले. 2 सप्टेंबरला स्थानिक मध्यान्हापूर्वी चुंबकक्षेत्राचा क्षैतिज (आडवा) घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकक्षेत्राचे एकक) घसरला. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी 2003 मध्ये हे अंक प्रसिद्ध करून वादळाची तीव्रता उणे 1760 नॅनोटेस्ला (घसरण म्हणून उणे) अंदाजिली. त्यावर दोन आक्षेप आले. एक, तीव्रतेचा प्रचलित निर्देशांक चार वेधशाळांच्या तासिक सरासरीवरून काढतात. येथे वेधशाळा एकच आणि वाचने मिनिटांची. सिस्को व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तासिक सरासरी घेऊन उणे 850 च्या आसपासची किंमत सुचवली. क्लिव्हर व डीट्रिख यांचा 2013 चा अंदाजही उणे 900 च्या जवळ येतो. दुसरा आक्षेप कारणाविषयी : घसरण भर दिवसा झाली आणि लवकर भरून निघाली, तेव्हा ती एकट्या वलयप्रवाहाची (पृथ्वीभोवती वलयाकार वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाची) नसावी, त्यात आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातील) प्रवाहांचाही वाटा असावा. 1989 च्या वादळाशी (उणे 589) तुलना करायची तर मोजमापाची रीत एकच हवी, म्हणून तासिक सरासरीचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. हा वाद पुढे सरकला तो सर्वांच्या हाती तेच अंक होते म्हणून, आणि ज्या लेखनिकांनी ते उतरवले त्यांचे ऋण मोठे आहे.

आज हा वारसा नवी मुंबईतील न्यू पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या जागतिक विदा केंद्राकडे आहे. अलिबागच्या नोंदी इंटरमॅग्नेट या आंतरराष्ट्रीय जाळ्यातूनही मिळतात. त्यांसाठी वापरात असलेला आयागा-2002 हा नोंदी लिहिण्याचा आराखडा (फाइलचा नमुना) साध्या मजकुराचा असून, नसलेल्या वाचनाच्या जागी त्यात 99999 लिहितात. आज्ञावली लिहिणाऱ्याने हा संकेत वगळला नाही, तर एका रिकाम्या मिनिटाने तासाची सरासरी पार बिघडते. आराखड्याचे वर्णन विदेइतकेच खुले असावे लागते ते यासाठी.

आज्ञावल्यांच्या बाजूने पवई येथील आयआयटी मुंबईचा फॉसी हा शिक्षणातील मुक्त आज्ञावल्यांचा प्रकल्प उल्लेखनीय आहे. पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थी सायलॅब या गणिती मुक्त आज्ञावलीत उतरवतात. तपासणीनंतर ती सर्वांना विनामूल्य मिळतात आणि विद्यार्थ्याला मानधन. पोलादी बांधकामाच्या आयएस 800 संहितेनुसार आरेखन करणारी ओस्डॅग ही मुक्त आज्ञावली येथूनच आली. आज्ञावल्या शिकवणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल या ध्वनिचित्र-पाठमालेचे पाठ मराठीतही आहेत.

मुंबईच्या खुल्या विदेचे आणखी एक उदाहरण समुद्रपातळीचे : अपोलो बंदराच्या या नोंदी 1878 पासूनच्या असून त्यांच्या मासिक सरासऱ्या लिव्हरपूल येथील समुद्रपातळी-विदा सेवेकडून विनामूल्य मिळतात. उत्तर हिंदी महासागरातील दीर्घ श्रेणींत त्यांची गणना होते.