राडारोड्याच्या खडीचा ताळेबंद

पाडलेल्या इमारतीच्या काँक्रीटपासून केलेल्या खडीचा एक तुकडा हातात घेऊन नीट बघा. मूळ दगडाच्या अंगाला जुन्या सिमेंटचा करडा थर चिकटलेला दिसेल. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की बघता बघता जिरतो. खाणीतली चांगली खडी वजनाच्या साधारण १ ते २ टक्के पाणी शोषते. ही बऱ्याचदा ५ टक्क्यांच्या पुढे जाते. काँक्रीट कालवताना ही खडी मिश्रणातलं पाणी पिऊन टाकते, म्हणून बांधकाम करणारा तिला खाणीच्या खडीचा भाव द्यायला कचरतो. बहुतेक माल रस्त्याखालच्या भरावात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जातो.

त्यामुळे राडारोड्यापासून खडी करणारा प्रकल्प नुसत्या विक्रीवर तगत नाही. दुसरी कमाई फाटकावरच्या वजनकाट्यावर होते. राडारोडा टाकणारा टनामागे शुल्क देतो. पण तो ते का देईल? वाटेत फुकट ओतायला जागा असेल, तर तो प्रकल्पापर्यंत येणारच नाही. ब्रिटनने १९९६ मध्ये कचरा जमिनीत पुरण्यावर कर लावला आणि २००२ मध्ये खाणीतून काढलेल्या नव्या खडी-वाळूवरही. एका कराने राडारोडा फेकणं महाग झालं, दुसऱ्याने नवी खडी. या धंद्याला दोन्ही बाजूंनी असा आधार लागतो, असं माझं ठाम मत आहे.

सळईचं भंगार ही तिसरी कमाई. आरसीसीच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १०० किलो पोलाद असू शकतं. मात्र लांब सळया पाडकाम करणाराच आधी काढून नेतो. प्रकल्पातल्या चुंबकाच्या वाट्याला तुकडे येतात.

खर्चाची बाजू यंत्रांपासून सुरू होते. जबड्यासारखा क्रशर, चुंबक, चाळण्या, हलकं लाकूड-प्लास्टिक उडवणारा हवेचा झोत, आणि पट्ट्याशेजारी उभं राहून हाताने निवडणारी माणसं. यांतला बराचसा खर्च माल येवो न येवो, चालूच राहतो. ताशी १०० टनांचा प्रकल्प रोज ८ तास, वर्षात २५० दिवस चालला, तर २ लाख टन माल निघतो. आला १ लाखच, तर प्रत्येक टनावर भांडवलाचा बोजा दुप्पट. पाडकामं एकसारखी चालत नाहीत, म्हणून माल साठवायला मोठं आवारही हवं.

त्यात मिसळ आली की गणित कोसळतं. जिप्समचे तुकडे खडीत राहिले, तर त्यातलं सल्फेट पुढे काँक्रीट फुगवून तडे पाडू शकतं. हे तुकडे क्रशरमधून गेल्यावर वेगळे करणं फार कठीण. पाडण्याआधी जिप्समचे पत्रे, दारं-खिडक्या, छत उतरवून घेणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. म्हणूनच स्वच्छ काँक्रीटला कमी शुल्क आणि सरमिसळ मालाला जास्त, असा दर ठेवणं शहाणपणाचं.

शेवटी वाहतूक. खडी जड आणि स्वस्त असल्याने अंतर वाढलं की भाडं मालाच्या किमतीला गाठतं. खाण बहुधा शहराबाहेर असते. पाडकाम आणि नवं बांधकाम दोन्ही शहरात. प्रकल्प त्यांच्या जवळ असेल, तर राडारोडा आणणारा ट्रक परतताना खडी भरून नेऊ शकतो आणि रिकामी खेप वाचते. मोठं पाडकाम असेल, तर चाकांवरचा क्रशर थेट जागेवर नेऊन तिथलंच काँक्रीट तिथल्याच रस्त्याखाली घालता येतं. आवाज आणि धूळ मात्र मग शेजाऱ्यांच्या दारात येते. पाण्याचे फवारे सतत चालू ठेवावे लागतात आणि तो खर्चही हिशेबात धरायला हवा.