‘टेम्प्टेशन’ कितवं? न्यू ऑर्डरच्या ‘सबस्टन्स’वरच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

टोनी विल्सनने नवी जॅग्वार घेतली. तिच्यात सीडी प्लेअर होता. न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडची सगळी सिंगल्स (एकेका गाण्याच्या सुट्या तबकड्या) गाडी चालवताना सलग ऐकता यावीत, म्हणून ती एकत्र सीडीवर आणू या, असं त्याच्या मनात आलं. १९८७च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडलेल्या ‘सबस्टन्स’ या संकलनाची जन्मकथा अशी सांगतात. विल्सन हा न्यू ऑर्डरच्या तबकड्या काढणाऱ्या मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचा कर्ताधर्ता, शिवाय ग्रॅनडा टीव्हीचा निवेदक. गोष्ट रंगवून सांगणं हा त्याचा पेशाच होता. पण ही गोष्ट खोटी वाटत नाही, कारण त्याला हवी होती त्यातली बरीचशी गाणी तोवर सीडीवर सोडाच, बँडच्या अल्बमवरही नव्हती.

‘सबस्टन्स’वरून चाहत्यांमध्ये गेली साडेतीन दशकं जे चाललं आहे, त्याचं मूळ इथे आहे. एरवी ‘सर्वोत्तम गाणी’ छापाच्या संकलनावर भांडण होतं ते अमुक गाणं का घेतलं आणि तमुक का गाळलं यावर. ‘सबस्टन्स’च्या बाबतीत यादीबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती गाणं कोणत्या रूपात घेतलं याची. हे समजायला १९८०पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी १८ मे रोजी जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. अमेरिकेचा दौरा एका दिवसावर आला होता. उरलेल्या तिघांनी, म्हणजे बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस यांनी, न्यू ऑर्डर असं नाव बदलून काम पुढे चालू ठेवलं. त्यांचं पहिलं सिंगल ‘सेरेमनी’ हे जॉय डिव्हिजनच्या अखेरच्या दिवसांतलं गाणं. मार्च १९८१मध्ये ते आलं. मग जिलियन गिल्बर्ट बँडमध्ये आली, तेव्हा तिला घेऊन तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा विकायला ठेवलं. म्हणजे पहिल्याच गाण्याची दोन रूपं! ‘सबस्टन्स’वर दुसरं आहे. पहिलं बरं की दुसरं, यावर आजही कोणी उघडपणे मत दिलं की दुसरा ते खोडून काढायला तयार असतोच.

फॅक्टरीची आणि बँडची आणखी एक खोड होती. सिंगल म्हणून काढलेलं गाणं शक्यतो अल्बमवर घालायचं नाही. ज्याने सिंगल घेतलं आहे त्याला तेच गाणं अल्बमच्या नावाखाली पुन्हा का विकायचं, असा तो पंक काळातला सरळ हिशेब. श्रोत्यासाठी हे प्रामाणिक, धंद्यासाठी आतबट्ट्याचं. ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीवर ‘ब्लू मंडे’ नाही, हे नव्या श्रोत्याला खरंच वाटत नाही. नंतरच्या काळात ‘द पर्फेक्ट किस’ किंवा ‘बिझार लव्ह ट्रायँगल’ अल्बमवर आली, पण ती वेगळ्या लांबीची, वेगळ्या मिश्रणाची. खरं काम झालं होतं ते बारा इंची तबकडीवर.

या बारा इंची तबकडीचं महत्त्व आपल्याकडच्या जुन्या श्रोत्याला चटकन कळेल. अब्दुल करीम खाँसाहेबांना अख्खा राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तेवढीच जागा होती. इथे नेमकं उलट घडलं. सात इंची सिंगलवर मावणारं गाणं बारा इंची तबकडीवर घेतलं की खाचा रुंद होतात, खर्ज दणदणीत वाजतो आणि सात-आठ मिनिटं मोकळी मिळतात. क्लबमध्ये नाचणाऱ्यांना हेच हवं होतं. न्यू ऑर्डरनेही गाणी आखली ती त्या लांबीसाठी. आधी नुसता ठेका, मग हुकचा वरच्या पट्टीत गाणारा बेस, आवाज येईपर्यंत दोन मिनिटं उलटून गेलेली. अशा गाण्याची चार मिनिटांची आवृत्ती काढणं म्हणजे आलापी गाळून थेट द्रुत सुरू करणं.

‘ब्लू मंडे’ ७ मार्च १९८३ रोजी आलं ते फक्त बारा इंचीवर, साडेसात मिनिटांचं. ते बनलं कसं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण न्यू ऑर्डरच्या चाहत्यांना चुकांविषयी एवढं प्रेम का, हे त्यातून उमगतं. ठेका ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनचा. सिंथ बेस मूग सोर्स या सिंथेसायझरचा. आणि स्वर क्रमाने वाजवणारा सिक्वेन्सर समनरने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. या यंत्रात एकेक स्वर हाताने भरावा लागे. गिल्बर्टने सगळी मांडणी कागदावर लिहून काढली, कागदाला कागद चिकटवत भलीमोठी पट्टी तयार झाली, आणि ती पाहून तिने स्वर भरायला घेतले. भरताना एक स्वर सुटला. त्यामुळे धून ठेक्यापासून किंचित सरकली. सगळ्यांना ते सरकलेलंच आवडलं आणि तसंच ठेवलं. ज्या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात सुटलेला स्वर हाच जीव आहे, त्याच्या चाहत्याला ‘सुधारित आवृत्ती’ या शब्दांचा संशय येणारच.

वेष्टनाचं डिझाइन पीटर सॅव्हिलचं. संगणकाच्या फ्लॉपीसारखं, खाचा कापलेलं, नाव-गाव काही न छापता कडेला रंगांच्या पट्ट्यांची सांकेतिक लिपी. ते इतकं महाग पडलं की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला काही पेन्सचा तोटा झाला, असं म्हणतात. किती पेन्स, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. तबकडी मात्र खपतच राहिली. खपाच्या ब्रिटिश यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेली आणि पुढे त्या देशात सर्वांत जास्त खपलेली बारा इंची सिंगल ठरली. त्यातला पैसा हासिएंडा या क्लबमध्ये मुरला. फॅक्टरी आणि बँड यांनी मिळून तो मे १९८२मध्ये मँचेस्टरला उघडला होता.

१९८७मध्ये संकलन करायला घेतलं तेव्हा पहिला निर्णय बरोबर झाला: बारा इंची आवृत्त्या घ्यायच्या, त्याही कालक्रमाने. बारा सिंगल्स. ‘सेरेमनी’पासून सुरुवात, शेवटी त्याच वर्षीचं ‘ट्रू फेथ’. पांढरं वेष्टन, त्यावर फक्त अक्षरं. सीडीवाल्यांना दुसऱ्या तबकडीवर सिंगल्सच्या मागच्या बाजूची गाणीही मिळाली आणि त्यात ‘१९६३’, ‘लोन्सम टुनाइट’ यांसारखे हिरे निघाले. याबद्दल फॅक्टरीला कोणी नावं ठेवत नाही.

अडचण आली ती वेळेची. त्या काळी सीडीवर ७४ मिनिटं मावत. बारा लांबलचक गाणी पूर्ण घेतली तर बेरीज त्यापुढे जात होती. मग कात्री चालली. ‘शेलशॉक’ आखूड झालं, ‘सब-कल्चर’ कापलं गेलं. ‘द पर्फेक्ट किस’ पावणेनऊ मिनिटांचं होतं, ते आठवर आणलं. कापलं तेही शेपटाकडून, जिथे गाणं आपल्या शिखरावर जाऊन कोसळतं. मधले बेडकांचे आवाज शाबूत राहिले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. (हो, बेडकांचेच. सॅम्पलर, म्हणजे टिपलेले आवाज हवे तसे वाजवणारं यंत्र, नवा असताना स्टीफन मॉरिसला ते वापरायची हौस होती.) पूर्ण गाण्याची तबकडी ज्याच्याकडे होती त्याला ही शेपूट तोडलेली आवृत्ती दर वेळी टोचायची.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित झाली. ‘कन्फ्यूजन’ हे १९८३चं, न्यूयॉर्कचा निर्माता आर्थर बेकर याच्यासोबत केलेलं, आठ मिनिटांचं. ‘सबस्टन्स’वर ते पाच मिनिटांच्याही आत आटोपतं. त्याबद्दल फार अश्रू ढाळणारे मला भेटलेले नाहीत. पण ‘टेम्प्टेशन’! १९८२चं मूळ गाणं जरा वेडंवाकडं, श्वास लागल्यासारखं. वाद्यं एकमेकांना ढकलत पुढे निघालेली, समनरचा आवाज मधूनच ताणलेला. १९८७चं नवं रूप सात मिनिटांचं, घोटीव, सगळं जागच्या जागी. जुन्या मंडळींनी त्याला प्लास्टिक म्हटलं. जी मंडळी बँडला ‘सबस्टन्स’मधूनच भेटली, त्यांच्यासाठी ‘टेम्प्टेशन’ म्हणजे हेच, आणि १९८२चं ऐकलं की त्यांना कच्चा खर्डा ऐकल्यासारखं वाटतं.

ही दुसरी मंडळी संख्येने मोठी आहेत, आणि त्यांत अमेरिकन पुष्कळ. तिकडे न्यू ऑर्डरच्या तबकड्या क्विन्सी जोन्सच्या क्वेस्ट या लेबलवर निघू लागल्या होत्या आणि ‘शेलशॉक’ १९८६मध्ये ‘प्रिटी इन पिंक’ या चित्रपटातून कॉलेजातल्या पोरांपर्यंत पोचलं होतं. पण आधीची सिंगल्स हाती लागायची ती आयात मालाच्या दुकानात, महाग. त्यामुळे ‘सबस्टन्स’ त्यांना संकलन वाटलंच नाही, तो बँडचा मुख्य अल्बम झाला. ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत ३६व्या. तरी तिथे ते वर्षानुवर्षं खपत राहिलं आणि प्लॅटिनम झालं.

माझी गतही त्यांच्यासारखीच. माझ्याकडे होती ती मित्राने भरून दिलेली साठ मिनिटांची कॅसेट. बारा गाणी साठ मिनिटांत मावणार नव्हती, म्हणून त्याने आपल्या अकलेने दोन गाळली. ‘स्टेट ऑफ द नेशन’ नावाचं गाणं आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि त्याची निवड चुकली नव्हती असं माझं आजही मत आहे. सांगायचा मुद्दा असा की कापाकापीवर नाक मुरडणाऱ्या माझ्यासारख्याचं पहिलं प्रेम स्वतःच कापलेलं होतं.

‘ट्रू फेथ’बद्दल मात्र दोन्ही गटांचं एकमत. संकलनासाठी एखादं नवं गाणं हवं म्हणून निर्माता स्टीफन हेग याच्याबरोबर ते केलं. संकलनात घातलेलं ‘नवं गाणं’ बहुधा उरल्यासुरल्या मालातून आलेलं असतं. हे ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं आणि बँडच्या सर्वोत्तम दोन-तीन गाण्यांत धरलं जातं.

पुढची संकलनं पाहिली की ‘सबस्टन्स’चे दोष माफ करावेसे वाटतात. १९९२च्या नोव्हेंबरमध्ये फॅक्टरी दिवाळखोरीत गेली. लंडन रेकॉर्ड्सला ती विकत घ्यायची होती, पण फॅक्टरीने कलावंतांकडून गाण्यांचे हक्क कधी लिहूनच घेतले नव्हते. कंपनीच्या मालकीचं काही नाही, सगळं संगीतकारांचं, असा कागद विल्सनने आपल्या ऐटीत पूर्वीच करून ठेवला होता. विकायला काही उरलंच नाही, आणि लंडनने बँडशी परस्पर व्यवहार केला. १९९४मध्ये त्या कंपनीचं ‘बेस्ट ऑफ’ आलं. त्याच्या ब्रिटिश आवृत्तीत ‘सेरेमनी’ नाही, ‘टेम्प्टेशन’ नाही, आणि ‘ब्लू मंडे’ आहे ते १९८८चं फेरमिश्रण. ‘ट्रू फेथ’लाही १९९४चा नवा मुलामा. ज्यांनी १९८७मध्ये दोन गाण्यांसाठी आरडाओरडा केला होता, त्यांना आता ‘सबस्टन्स’ म्हणजे मूळ पोथी वाटू लागली.

२००२च्या ‘रेट्रो’ या चार तबकड्यांच्या पेटीने वेगळी युक्ती काढली. निवड चौघांत वाटून दिली: पॉप गाणी पत्रकार मिरांडा सॉयरकडे, क्लबची हासिएंडाचा डीजे माइक पिकरिंगकडे, मैफलीतली प्रायमल स्क्रीम या बँडच्या बॉबी गिलेस्पीकडे. उरलेल्या तबकडीचं नावच ‘फॅन’, ती जॉन मॅकक्रेडीने निवडली. यादीवरून चाहते भांडणार हे गृहीत धरून त्यांच्या बाजूलाच एक तबकडी देऊन टाकलेली! २००५च्या ‘सिंगल्स’ने तर भलताच घोटाळा केला. नाव ‘सिंगल्स’, पण आत काही ठिकाणी सिंगलचं रूपच नाही. चाहत्यांनी कोणत्या गाण्यात काय चुकलं याचे हिशेब मांडले, आणि २०१६च्या आवृत्तीत त्यातल्या काही जागा दुरुस्त झाल्या.

नोव्हेंबर २०२३मध्ये ‘सबस्टन्स’ नव्या मास्टरिंगसह पुन्हा आलं. थोरल्या आवृत्तीत चार सीडी आहेत. चौथीवर सप्टेंबर १९८७मधला कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन मेडोज इथला कार्यक्रम. संकलन नुकतंच निघालं होतं आणि बँडने मंचावर ते पहिल्या गाण्यापासून त्याच क्रमाने वाजवलं. यंत्रांच्या जोडीने वाजवणारी चार माणसं, समोर बहुतेक जण ती गाणी नुकतीच तबकडीवर ऐकून आलेले. तेव्हा ‘टेम्प्टेशन’चा हिशेब आता असा: १९८२चं बारा इंची एक, त्याच वर्षीचं सात इंची दुसरं, ‘सबस्टन्स’वरचं तिसरं, १९९८मध्ये पुन्हा एकदा ध्वनिमुद्रित केलं ते चौथं, आणि अर्व्हाइनचं पाचवं. माझ्या कॅसेटवरचं तिसरंच होतं, फक्त शेवटाकडे रेडिओचा एक तुकडा घुसलेला.