करसवलतीच्या वसुली आदेशाला सरकार आव्हान कसं देतं: पात्रता, मुदत आणि कागदपत्रं

३० ऑगस्ट २०१६ रोजी युरोपीय आयोगाने आयर्लंडला आदेश दिला: आयर्लंडच्या करखात्याने १९९१ आणि २००७मध्ये दिलेल्या करनिर्णयांमुळे ॲपलच्या दोन कंपन्यांना बेकायदा सरकारी मदत मिळाली, ती व्याजासह वसूल करा. रक्कम १३ अब्ज युरोपर्यंत. आयर्लंडने आदेशालाच आव्हान दिलं. बातम्यांत त्याला ‘अपील’ म्हटलं गेलं, पण पहिल्या टप्प्यावर असतो तो आदेश रद्द करण्याचा दावा. तो लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या जनरल कोर्टात दाखल होतो.

आधार युरोपीय संघाच्या कामकाजविषयक कराराचं कलम २६३. सदस्य देशाला आपलं हित बाधित झाल्याचं सिद्ध करावं लागत नाही. लाभार्थी कंपनीला मात्र आदेशाचा आपल्यावर थेट आणि व्यक्तिशः परिणाम होतो हे दाखवावं लागतं.

मुदत नीट मोजा, घोटाळा इथेच होतो. ज्याच्या नावाने आदेश आहे त्याला तो कळवल्यापासून दोन महिने, अधिक कोर्टापासूनच्या अंतरासाठी सरसकट १० दिवस. आयर्लंडचा दावा ९ नोव्हेंबर २०१६ रोजी दाखल झाला. ही मुदत कोर्टही आपल्या मर्जीने वाढवू शकत नाही.

अर्जात पक्षकारांची नावं, वादाचा विषय, कायदेशीर मुद्दे, नेमकी मागणी आणि पुरावे हवेत. सोबत आव्हान दिलेल्या आदेशाची प्रत, मुद्द्यांचा सारांश आणि जोडपत्रांची यादी. देशाची बाजू त्याने नेमलेला प्रतिनिधी मांडतो. दाखल करणं आता कोर्टाच्या ई-क्युरिया या ऑनलाइन प्रणालीतूनच, त्यामुळे तिचं खातं आधीच उघडून ठेवा. कोर्ट फी नाही. जोडपत्र राहिलं तर ते नंतर देण्याची संधी मिळते, पण अर्जात न घेतलेला मुद्दा नंतर सहसा घेता येत नाही. युक्तिवाद फक्त जोडपत्रात ठेवला तर कोर्ट तो विचारात घेत नाही. जोडपत्र पुराव्यापुरतंच असतं.

दावा दाखल झाला म्हणून वसुली थांबत नाही. कलम २७८नुसार स्थगितीसाठी वेगळा अर्ज करून निकड सिद्ध करावी लागते. आयर्लंडला चार महिन्यांत वसुली पूर्ण करायची होती. ती झाली नाही म्हणून ऑक्टोबर २०१७मध्ये आयोगाने देशालाच कोर्टात खेचलं. पुढे व्याजासह सुमारे १४.३ अब्ज युरो एस्क्रो खात्यात (वाद मिटेपर्यंत पैसे राखून ठेवणारं खातं) गेले आणि खटला संपेपर्यंत तिथेच राहिले. आदेश सरकारला मान्य नसतानाही त्याच पैशांचा हिशेब ठेवण्याचं काम त्याच्याकडेच येतं, याची तयारी पहिल्या दिवसापासून हवी.

१५ जुलै २०२० रोजी जनरल कोर्टाने आदेश रद्द केला. कंपन्यांना फायदा झाल्याचं आयोगाने पुरेसं सिद्ध केलं नाही, असं त्याचं मत होतं. आता खरं अपील आलं, तेही आयोगाचं. त्यालाही दोन महिने आणि १० दिवस मिळतात. आयोगाने २५ सप्टेंबरला, म्हणजे शेवटच्याच दिवशी ते दाखल केलं. वरच्या कोर्टात, म्हणजे कोर्ट ऑफ जस्टिसमध्ये, फक्त कायद्याचे प्रश्न चालतात. म्हणून कंपन्यांच्या आयर्लंडमधल्या शाखांमध्ये प्रत्यक्षात काय काम होत होतं, याचा पुरावा खालच्या कोर्टातच पक्का करावा लागतो.

वरचं कोर्ट प्रकरण नेहमी परत पाठवतंच असं नाही. १० सप्टेंबर २०२४ रोजी कोर्ट ऑफ जस्टिसने जनरल कोर्टाचा निकाल बाजूला सारून स्वतःच अंतिम निर्णय दिला. आयोगाचा आदेश कायम झाला आणि पैसे आयर्लंडच्या तिजोरीत वळते करणं बंधनकारक झालं.