टाइमझोन (डेटाप्रक्रिया)

नोंदीवरची वेळ कोणत्या घड्याळाची आहे, हे नोंदीसोबत जपण्याची पद्धत. भारताचे घड्याळ वर्षभर यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे असते, उन्हाळा-हिवाळ्यात हलत नाही. त्यामुळे मुंबईतल्या टीममध्ये हे काम बहुधा ‘नंतर बघू’ या खात्यात पडते.

सर्वांत जास्त फसगत दिवस कुठे संपतो यावरून होते. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे मुंबईत पहाटेचे साडेपाच. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) थेट तारखेवर बेरीज करत असेल, तर १ एप्रिलच्या रात्री दोनचा व्यवहार ३१ मार्च, २०:३० असा दिसतो आणि मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. साठवण यूटीसीत खुशाल ठेवावी. गट पाडण्याआधी मात्र वेळ ‘एशिया/कोलकाता’मध्ये, म्हणजे संगणकाच्या यादीतल्या भारताच्या झोनमध्ये, आणावी. ‘एशिया/मुंबई’ असा झोनच नाही. नुसते ‘आयएसटी’ (भारतीय प्रमाणवेळेचे लघुरूप) लिहू नये, आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तेच म्हणतात.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘पायटीझेड’ या टाइमझोन-लायब्ररीत ‘एशिया/कोलकाता’ हा झोन डेटटाइमला (तारीख-वेळेच्या नोंदीला) थेट चिकटवला की यूटीसीपासूनचे अंतर +५:३० ऐवजी +५:५३ मिळते. तेवीस मिनिटांचा हा फरक पाहून लोक सर्व्हरचे घड्याळ तपासत बसतात. प्रत्यक्षात ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ असते. त्याऐवजी पायटीझेडचेच ‘लोकलाइझ’ वापरावे, किंवा पायथन ३.९ पासून आलेले ‘झोनइन्फो’.

जुने कागद डिजिटल करताना मुंबईचा इतिहास आडवा येतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली, पण मुंबईकरांनी तिला विरोध केला आणि महापालिकेने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ (+४:५१) १९५० च्या दशकापर्यंत सोडली नाही. म्हणजे शहरात एकाच क्षणाला दोन बरोबर वेळा होत्या. ‘एशिया/कोलकाता’ला हे ठाऊक नाही, १८७० ते १९०५ च्या तारखांना तो मद्रास वेळ (+५:२१:१०) लावतो, म्हणजे मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे. दुसऱ्या महायुद्धात तर देशाचे घड्याळच तासभर पुढे होते, ते १५ ऑक्टोबर १९४५ ला मागे आले.

पुढच्या तारखांसाठी फक्त यूटीसी पुरत नाही. न्यूयॉर्कचा शेअर बाजार तिथल्या साडेनऊला उघडतो, तेव्हा मुंबईत उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. अशा कामाच्या वेळापत्रकात तिथली स्थानिक वेळ आणि ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ हे झोनचे नाव, दोन्ही ठेवावे लागतात.