देहधारण (ख्रिस्ती सिद्धांत)

देवाचा सनातन पुत्र मरियेच्या उदरी माणूस म्हणून जन्मला आणि माणूस होताना त्याचे देवपण उणावले नाही, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्मात देहधारण या नावाने ओळखली जाते. ‘शब्द देही झाला’ हे बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील वचन (१:१४) तिचा मुख्य आधार होय; येथे शब्द म्हणजे देवाचा पुत्र. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, असे सांगणारे फिलिप्पैकरांस पत्रातील स्तोत्र (२:६–११) याहून जुने आहे. प्रेषित पौलाने हे पत्र इ. स. ५५ ते ६२ च्या सुमारास लिहिले असावे. त्यातील स्तोत्र पौलाच्याही आधीपासून ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) म्हटले जात होते, असे अनेक अभ्यासक मानतात. या मताचे पारडे जड दिसते. ते स्वीकारल्यास पुढील शतकांतील वादांनी या श्रद्धेला परिभाषा दिली, तिला जन्म दिला नाही, असे म्हणावे लागते.

ख्रिस्ताचा देह केवळ भासमान होता, हे मत सर्वांत आधी पुढे आले आणि अंत्युखियाच्या इग्नेशियसने दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, हे धर्मगुरू आरियसचे मत नायसियाच्या धर्मपरिषदेने ३२५ मध्ये अमान्य केले. लाओदिकियाचा बिशप अपोलिनारिस याचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. येशूचा देह मानवी असला, तरी त्याच्यात मानवी बुद्धीच्या जागी स्वतः दैवी शब्दच होता, असे तो म्हणे. नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : जे धारण केले गेले नाही, ते बरेही झाले नाही. माणसाचे मन आणि इच्छा ख्रिस्ताने घेतली नसेल, तर माणसाचा तोच दुखावलेला भाग तारणाबाहेर राहतो. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ३८१ मध्ये अपोलिनारिसचे मत त्याज्य ठरविले. एकाच व्यक्तीत दैवी व मानवी अशी दोन स्वरूपे संकर, बदल, विभागणी वा वियोग न होता नांदतात, हे सूत्र ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेचे आहे. कॉप्टिक, आर्मेनियन व सिरियन मंडळ्यांनी ते मानले नाही. केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळी याच परंपरेतील. पोप पॉल सहावे व कॉप्टिक पोप शेनुदा तिसरे यांच्या १९७३ च्या संयुक्त निवेदनानंतर हा भेद बव्हंशी परिभाषेचा होता, हे मत बळावले आहे.

मराठवाड्यातील वाचकाला अपोलिनारिसचा वाद परका वाटण्याचे कारण नाही. चक्रधरस्वामींचे दीर्घ वास्तव्य ज्या गोदाकाठी घडले, तेथील महानुभाव विचारात परमेश्वर देह कसा स्वीकारतो, याची काटेकोर चिकित्सा आढळते. गर्भात प्रवेश करून, पतित म्हणजे मृत देहाचा स्वीकार करून, किंवा जिवंत देहातील जीवाला दवडून, असे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत. द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवून हरपाळदेवाचा मृत देह स्वीकारला, ही चक्रधरांविषयीची धारणा दुसऱ्या प्रकारात येते. अपोलिनारिसचे मत तिसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते, मात्र दोन्ही एक नव्हेत : दवडण्यात आधीचा जीव असतो आणि तो दूर होतो, तर अपोलिनारिसच्या मते मानवी बुद्धी मुळातच नव्हती. खाल्सेदोनचे सूत्र या तिन्ही प्रकारांत बसत नाही. त्यात देव कोणाच्या देहात शिरत नाही, कोणाला बाजूलाही सारत नाही. मन, इच्छा, भूक, भय यांसह संपूर्ण मानवी जीवन तो स्वतःचे करतो.

गीतेतील ‘संभवामि युगे युगे’ या वचनाशी तुलना करताना देहधारण एकदाच झाले, यावर सहसा भर दिला जातो. त्याहून महत्त्वाचा भेद कायमपणाचा आहे. पुनरुत्थान व स्वर्गारोहणानंतरही ख्रिस्ताचे मनुष्यपण टिकून आहे, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. देह हे कार्य संपताच उतरविण्याचे वस्त्र ठरत नाही. देवाच्या जवळिकीबाबत मात्र मराठी भक्तिपरंपरेने जमीन आधीच नांगरून ठेवली होती. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहणारा आणि गंगाखेडच्या जनाबाईसोबत दळायला बसणारा देव ज्यांनी कीर्तनात ऐकला, त्यांना शिष्यांचे पाय धुणारा प्रभू चटकन उमगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात रचलेल्या आणि १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणाने ही कथा ओवीत आणली. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या भजनांमुळे ती मराठी उपासनेत रुळली.

येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही; तो हेरोद राजाच्या काळात जन्मला, एवढे त्यांत आहे. हेरोद इ. स. पू. ४ मध्ये वारला असे धरल्यास जन्म त्याच्या थोडा आधीचा ठरतो. २५ डिसेंबरचा निश्चित उल्लेख ३५४ च्या रोमन पंचांगात आढळतो. ऑरेलियन सम्राटाने २७४ मध्ये प्रतिष्ठित केलेल्या सूर्योपासनेशी त्याचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. तथापि २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून नऊ महिने मोजले गेले असावेत, ही उपपत्ती अधिक समाधानकारक वाटते.

मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळी निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभारली. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ चा आहे.

नाताळात रब्बी ज्वारी पोटरीत असते आणि गावोगावी गोठ्याचे देखावे उभे राहतात. कडब्याच्या पेंढ्यांची भिंत, शेणाने सारवलेली जमीन, पुढ्यात गव्हाण. कॅथलिक मंडळीत मध्यरात्रीच्या मिस्सेच्या (मुख्य उपासनेच्या) वेळी बाळाची मूर्ती तीत ठेवतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांचा भर मूर्तीपेक्षा टाळ-पेटीवरच्या भजनांवर असतो. हा हंगाम ऊसतोडीचाही आहे. मुकादमाची उचल घेऊन बीडकडची कुटुंबे कारखान्यांवर गेलेली असतात आणि फडाजवळच्या कोपीत बाळंत होणे तेथील स्त्रियांना नवे नाही. नावनोंदणीसाठी निघालेल्या, उतारशाळेत जागा न मिळालेल्या मरियेचे बाळंतपण (लूक २) या परिस्थितीच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. देवाने धारण केलेला देह श्रमणाऱ्याचा होता. नासरेथचे लोक येशूला सुतार म्हणूनच ओळखत (मार्क ६:३).

यातून उपजणारी दैनंदिन नीती देहाशी निगडित आहे. येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले (मार्क १:४१). ज्या समाजात स्पर्शच नाकारला जात होता, तेथे या प्रसंगाचे मोल विशेष. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार व मांग कुटुंबांतून आला आहे आणि प्रभुभोजनाच्या विधीत एका मेजावर भाकर व प्याला वाटून घेणे हा त्यांच्या दृष्टीने सिद्धांताचा प्रत्यक्ष अर्थ होता. रुग्णसेवा, बाळंतिणीची शुश्रूषा, मृताला सन्मानाने माती देणे यांनाही हाच आधार आहे. जातिभेद मात्र मंडळीतून गेलेला नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात तो चर्चमध्ये असल्याचे मान्य केले आहे.